विंचवाचे बिऱ्हाड, पण दोघांचे : दक्षिण चीनच्या खेड्यांतील भटकंतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वेइझौ प्रांताचा आग्नेय भाग आणि त्याला लागून असलेला ग्वांगशीचा डोंगराळ उत्तर पट्टा येथील दोंग, म्याओ आणि याओ लोकांच्या खेड्यांतून मी एका मित्रासह तीन आठवडे पाठपिशवी घेऊन हिंडलो. परतल्यापासून ओळखीचे आणि अनोळखी लोक तेच ते प्रश्न विचारत असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे गरजेपेक्षा लांब वाटतील. ती लांब आहेत, कारण तेथेच आमची फजिती झाली. व्हिसाचे नियम, विमानसेवा आणि दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते स्वतः तपासून पाहावेत.

चीन एवढा विस्तीर्ण असताना नेमका हाच भाग का निवडावा?

येथील खेडी अजून खेडी आहेत आणि तेथवर पोहोचणे मात्र सोपे झाले आहे. ग्वेइयांग ते ग्वांगझौ हा 857 किलोमीटरचा अतिवेगवान रेल्वेमार्ग डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाला. त्याआधी ज्या गावांना जाण्यासाठी घाटरस्त्याने दिवसभर बसमध्ये आदळआपट सोसावी लागे, त्यांच्या पायथ्याशी आता गाडी थांबते. ग्वेइझौविषयी एक जुनी चिनी म्हण आहे, की तेथे सलग तीन दिवस ऊन नाही, सलग तीन ली (ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) सपाट जमीन नाही आणि कोणाच्या गाठीला तीन गुंजांएवढीही चांदी नाही. शेवटचा भाग आता तितकासा खरा राहिलेला नाही. पहिले दोन आम्ही छत्री आणि गुडघे यांच्या साक्षीने खरे असल्याचे सांगू शकतो.

आमचा मार्ग असा होता: ग्वांगझौहून रेल्वेने ग्वेइलिन, तेथून बसने लोंगजीची भातखाचरे, मग सानजियांगजवळचे चंगयांग, पुढे झाओशिंग, रोंगजियांग, कायली आणि शेवटी ग्वेइयांग. लोंगजीमध्ये बहुतेक सहली पिंगआन या गावी जातात. आम्हाला याओ लोकांचे दाझाय अधिक आवडले, कारण तेथे खाचरांच्या बांधांवरून एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात दिवसभर चालत राहता येते. चंगयांगचा छप्पर असलेला लाकडी पूल 1912 मध्ये बांधायला घेतला आणि 1924 मध्ये पूर्ण झाला. लोखंडी खिळा न वापरता, केवळ सांध्यात सांधा बसवून उभारलेल्या या पुलावर गावातील म्हातारी माणसे दुपारभर बसून असतात, आणि पाऊस आला की तेथे बसण्यासारखी दुसरी जागा नाही.

झाओशिंग या दोंग गावात नगाऱ्यांचे पाच मनोरे आहेत आणि त्यांना कन्फ्यूशियसप्रणीत पाच सद्गुणांची नावे आहेत. गावात प्रवेश तिकीट घेऊन होतो आणि मुख्य रस्त्यावर दुकानांची गर्दी आहे, म्हणून अनेक जण नाक मुरडून लगेच परततात. त्यांनी मागच्या डोंगरावर थांगआनपर्यंत चढून जायला हवे होते. नॉर्वेच्या सहकार्याने जी काही ‘जिवंत संग्रहालय’ गावे ग्वेइझौमध्ये निवडली गेली, त्यांपैकी हे एक आहे. शरद ऋतूत तेथे निळीत रंगवलेले सुती कापड दगडावर ठेवून लाकडी मोगरीने बडवण्याचा आवाज घराघरांतून येतो. त्या कापडावर अंड्यातील पांढरा बलक चढवून ते पुन्हा बडवतात, तेव्हा त्याला तांब्याच्या भांड्यासारखी जांभळट चकाकी येते.

शीजियांग या हजारांवर उंबरठे असलेल्या प्रसिद्ध म्याओ गावाविषयी विचाराल, तर माझे मत स्पष्ट आहे: रात्रीचे दिवे एकदा पाहावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांगद या दुसऱ्या म्याओ गावाच्या दिशेने निघावे.

व्हिसा कसा मिळतो?

भारतीय नागरिकांना चीनच्या मुख्य भूमीसाठी (म्हणजे हाँगकाँग व मकाव सोडून) व्हिसा आधीच घ्यावा लागतो. पर्यटकांसाठीचा व्हिसा ‘एल’ वर्गाचा असतो. अनेक देशांच्या नागरिकांना 240 तास व्हिसाशिवाय राहण्याची जी सवलत मिळते, ती भारतीय पासपोर्टला लागू नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण परदेशी प्रवाशांच्या चित्रफिती पाहून अनेकांचा गैरसमज होतो. अर्जासोबत जाण्यायेण्याची तिकिटे, राहण्याची आरक्षणे आणि दिवसवार मार्गक्रम द्यावा. दोघे एकत्र जात असल्यास दोघांच्या अर्जातील तारखा आणि गावे तंतोतंत जुळली पाहिजेत. तिबेट स्वायत्त प्रदेशासाठी वेगळे परवानापत्र आणि अधिकृत सहलसंस्थेमार्फत वाटाड्या आवश्यक असल्यामुळे, पाठपिशवी घेऊन मनास येईल तसे हिंडण्याचा तो प्रदेश नव्हे.

2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये कोलकाता-ग्वांगझौ उड्डाणाने पुन्हा सुरू झाली आणि या मार्गासाठी ग्वांगझौ हेच सोयीचे प्रवेशद्वार आहे. हाँगकाँगमार्गे जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मुख्य भूमीवरून हाँगकाँगला गेल्यास चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. एकाच प्रवेशाचा व्हिसा तेथेच संपतो आणि परत आत येता येत नाही.

सहप्रवासी कसा असावा?

हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. तो सर्वांत आधी विचारायला हवा. चांगला मित्र आणि चांगला सहप्रवासी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा मित्र पहाटे पाच वाजता उठून धुक्यात खाचरे पाहायला निघणारा, तर मी दुपारी कोणाच्या तरी अंगणात दोन तास बसून राहणारा. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकांसाठी आपापली आवड सोडून देत राहिलो आणि परिणामी दोघेही कुढत राहिलो. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही सकाळ त्याची आणि दुपार माझी अशी वाटणी केली, आणि आठवड्यातून एक दिवस दोघांनी पूर्णपणे वेगवेगळे हिंडावे असे ठरवले. त्या वेगळ्या दिवसानंतरच्या संध्याकाळी आमच्या गप्पा सर्वाधिक रंगत.

मात्र स्वभाव जुळण्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. दोघे निघाले की कामांची विभागणी आपोआप होते: एक जण पैसे सांभाळतो, दुसरा तिकिटे काढतो, एक भाषांतराचे ॲप चालवतो, दुसरा नकाशा पाहतो. घरच्या संसारात ही विभागणी शोभते. ग्रामीण चीनमध्ये ती घातक ठरते, कारण तेथे पैसे, तिकीट, नकाशा आणि जीभ या चारही गोष्टी एकाच फोनमध्ये असतात. आमच्याकडे पैसे देण्याचे ॲप फक्त माझ्या फोनवर चालू होते. रोंगजियांगच्या बाजारात पावसात भिजून तो फोन बंद पडला, तेव्हा माझ्या मित्राच्या हातात जेवून संपलेला वाडगा होता आणि दोघांच्या खिशांत मिळून सात युआन होते. मित्राने तेथेच बसून स्वतःचे ॲप सुरू करण्याचा खटाटोप केला, पण पडताळणीचा संदेश त्याच्या भारतीय क्रमांकावर येत होता आणि त्या क्रमांकाचे रोमिंग त्याने पैसे वाचवण्यासाठी घेतलेच नव्हते. नूडल्सवाल्या बाईंनी हसत हसत आम्हाला जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही पैसे नेऊन दिले, तेव्हा त्यांनी ते घेण्याआधी आम्हाला पुन्हा जेवायला बसवले.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे, की दोघांनी सोबत जावे, परंतु प्रत्येकाची तयारी मात्र एकटा निघाल्यासारखी असावी. प्रत्येकाचे पैशांचे ॲप वेगळे व आधीच पडताळलेले असावे, प्रत्येकाजवळ रोख रक्कम, स्वतःचा पासपोर्ट, त्या रात्रीच्या मुक्कामाचा चिनी लिपीतील पत्ता आणि पुढील तीन दिवसांची तिकिटे असावीत. जोडी म्हणजे एकावर दुसऱ्याचा भार नव्हे, तर एक मोडला तरी चालू राहील असा दुसरा संच.

पैसे कसे द्यावेत? रोख चालते का?

रोख नाकारणे चीनमध्ये कायद्याने मान्य नाही आणि खेड्यांत म्हाताऱ्या विक्रेत्या ती आनंदाने घेतात. अडचण नाकारण्याची नसून सुट्या पैशांची आहे. शंभराच्या नोटेला सुटे देण्यासाठी तीन दुकाने पालथी घातली जातात आणि मग आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते; म्हणून पाच, दहा आणि वीसच्या नोटा साठवून ठेवाव्यात.

एरवी सर्व व्यवहार अलीपे किंवा वीचॅटवर होतात. जुलै 2023 पासून या दोन्ही ॲपना परदेशी बँकांची व्हिसा व मास्टरकार्डची कार्डे जोडता येतात. 200 युआनपर्यंतच्या एका व्यवहारावर अधिभार नसतो, त्यापुढे तीन टक्के लागतो, त्यामुळे मुक्कामाचे पैसे रोज चुकते करणे फायद्याचे. बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर सुरू केल्याशिवाय यातील काहीच चालत नाही आणि ते काम भारतात असतानाच उरकावे. यूपीआयची सवय असलेल्या आपल्याला कोड स्कॅन करून पैसे देणे शिकवावे लागत नाही, एवढे एक समाधान.

इंटरनेट, व्हॉट्सॲप आणि नकाशे यांचे काय?

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम हे सर्व तेथील जाळ्यावर बंद आहे. भारतीय सिमकार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतल्यास माहितीचा प्रवास आपल्या कंपनीच्या जाळ्यामार्फत होतो, त्यामुळे या सेवा बहुधा चालतात. मुक्कामाच्या वायफायवर मात्र चालत नाहीत. आम्ही एका फोनवर भारतीय रोमिंग आणि दुसऱ्यावर प्रवाशांसाठीचे ई-सिम ठेवले. घरच्यांना ‘दोन दिवस संपर्क झाला नाही तर घाबरू नका’ असे आधीच सांगून ठेवावे, कारण दऱ्यांमध्ये नव्हे, तर ॲपच्या या भानगडींमुळेच संपर्क तुटतो. दऱ्यांमध्ये नेटवर्क आपल्या घाटांपेक्षा चांगले असते.

गूगलच्या नकाशावर विसंबू नये. चीनमध्ये नकाशांसाठी वेगळी निर्देशांक पद्धत सक्तीची आहे आणि तिच्यात स्थाने मुद्दाम सरकवलेली असतात, त्यामुळे परदेशी नकाशावर आपण नदीच्या पात्रात उभे असल्यासारखे दिसतो. आमाप हे स्थानिक ॲप वापरावे. पायवाटांसाठी तेही अपुरे पडते. तेथे भात कापणारी माणसे हाच उत्तम नकाशा.

रेल्वे आणि बसचा प्रवास दोघांना कसा जमतो?

रेल्वेचे तिकीट पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेले असते आणि वेगळे कागदी तिकीट लागत नाही. अधिकृत 12306 या ॲपवर पासपोर्टची पडताळणी करून साधारण पंधरा दिवस आधी तिकिटे काढता येतात. चिनी नागरिक आपले ओळखपत्र यंत्रावर टेकवून झपाझप आत जातात; आपल्याला कडेच्या, माणूस बसलेल्या खिडकीशी जाऊन पासपोर्ट दाखवावा लागतो आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फाटक बंद होते, म्हणून अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. प्रवेशद्वारावर सामानाची तपासणी होते. माझ्या मित्राचा फळे कापण्याचा दुमडता चाकू तेथेच राहिला. देशांतर्गत विमानात जाणार असाल, तर जून 2025 पासून चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची ‘थ्री-सी’ खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

नाव फसवे असू शकते. त्सोंगजियांग नावाचे स्थानक त्सोंगजियांग या तालुक्याच्या गावापासून बरेच दूर आणि झाओशिंगला अगदी जवळ आहे. आमच्या पुढच्या बाकावरील दांपत्य नेमके उलट समजून चालले होते.

स्थानकापासून पुढे तालुक्याच्या बस असतात आणि त्यापुढे ‘मिएनबाओचे’ नावाच्या लहान व्हॅन. शब्दाचा अर्थ पावाची गाडी, कारण ती पावाच्या लादीसारखी दिसते. भरली की सुटते आणि भरली म्हणजे किती, हे चालक ठरवतो. ज्यांनी सातारा-कोल्हापूरकडे वडापने प्रवास केला आहे, त्यांना काहीही समजावून सांगावे लागणार नाही. दोघांचा एक मोठा फायदा येथे दिसतो: उरलेल्या जागांचे पैसे भरून गाडी लगेच सोडवून घेणे दोघांत परवडते. बाजाराच्या दिवशी गाड्या अधिक असतात. मात्र तेथील बाजार आपल्या आठवडी बाजारासारखा ठरावीक वारी भरत नाही, अनेक ठिकाणी तो पाच किंवा सहा दिवसांच्या फेऱ्याने भरतो. त्यामुळे ‘कोणत्या वारी’ असे न विचारता ‘पुढचा कोणत्या तारखेला’ असे विचारावे.

खेड्यात राहायला जागा मिळते का आणि पोलिसांकडे नोंद करावी लागते का?

जागा मिळते. शेतकरी कुटुंबे आपल्या घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतात आणि स्वयंपाकही करून वाढतात. कोकणात घरगुती राहण्याजेवण्याची सोय असते, तसाच हा प्रकार असून त्याला ‘नोंगजियाले’ म्हणतात. दोन पलंगांची खोली आम्हाला साधारण 100 ते 200 युआनला पडत असे.

नोंदणी मात्र टाळता येत नाही. 2013 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची नोंद 24 तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात व्हावी लागते. हॉटेलमध्ये हे काम हॉटेलवाले करतात. परदेशी पाहुण्यांना केवळ परदेशी म्हणून नाकारू नये, असे सरकारने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे, तरीही लहान गावात यजमानाला संगणकावर पासपोर्टची नोंद कशी करायची हेच ठाऊक नसते आणि तो भीतीपोटी नाही म्हणतो. एका तालुक्याच्या गावी रात्री नऊ वाजता आम्हाला असाच नकार मिळाला. आवाज न चढवता आम्ही यजमानालाच सोबत घेऊन पोलीस चौकीत गेलो. तेथील तरुण पोलिसाने दोन्ही पासपोर्टची छायाचित्रे काढली, व्हिसाचे पान शोधायला आमचीच मदत घेतली आणि वीस मिनिटांत काम संपले. दोघांचीही नोंद झाली आहे, याची खात्री करून घ्यावी; एकाचीच करून ‘झाले’ म्हणण्याचा प्रकार घडतो.

या गावांतील घरे लाकडाची आणि एकमेकांना चिकटून असतात. जानेवारी 2014 मध्ये बाओजिंग या जुन्या दोंग गावाचा मोठा भाग आगीत जळाला. कित्येक गावांत संध्याकाळी एक जण थाळा वाजवत ‘विस्तव सांभाळा’ असे ओरडत फिरतो. खोलीत उदबत्ती, मेणबत्ती किंवा पाणी तापवण्याची सळई वापरू नये.

चिनी येत नसेल तर निभाव लागतो का?

लागतो, पण कष्टाने. भाषांतराच्या ॲपमधील चिनी भाषेचा संच आधी उतरवून ठेवावा. म्हाताऱ्या माणसांपुढे ते ॲपही हतबल होते, कारण ती दोंग किंवा म्याओ बोलतात आणि त्यांची चिनी नैर्ऋत्येच्या वळणाची असते. या वळणात ‘श’ आणि ‘स’ एकमेकांत मिसळतात, त्यामुळे चार आणि दहा हे आकडे कानाला सारखेच लागतात. मी चार युआनची संत्री समजून पिशवी भरली, ती दहाची निघाली. उपाय बोटांचा: चिनी माणूस एका हाताने दहापर्यंत मोजतो. अंगठा आणि करंगळी ताणली की सहा, अंगठा आणि तर्जनी ताणली की आठ, तर्जनीचा आकडा केला की नऊ. हे विमानातच पाठ करून टाकावे.

संबोधने चुकवू नयेत. दुकानदार आणि घरमालक ‘लाओबान’, चालक किंवा कारागीर ‘शिफू’, आणि आईच्या वयाची बाई ‘आयी’. ऐकायला ती आपली आईच वाटते, प्रत्यक्षात मूळ अर्थ आईची बहीण, म्हणजे मावशी. माझ्या मित्राने प्रत्येकीला चक्क मराठीतच आई म्हटले आणि एकीलाही वावगे वाटले नाही.

शाकाहारी माणसाने काय खावे?

आमच्यापैकी एक शाकाहारी होता आणि दुसरा काहीही खाणारा, त्यामुळे हे उत्तर दोन्ही बाजूंनी अनुभवाचे आहे. भाजी मिळत नाही ही अडचण नाही. इतक्या ताज्या पालेभाज्या मी क्वचित कोठे खाल्ल्या असतील. अडचण अशी, की त्या डुकराच्या चरबीत परततात आणि वरून कोंबडीच्या अर्काची भुकटी घालतात. ‘मांस नको’ म्हटले की मांसाचे तुकडे वगळले जातात, चरबी राहते. म्हणून ‘मांस नको, मासे नकोत, डुकराचे तूप नको, कोंबडीची भुकटी नको, वनस्पतीचे तेल चालेल’ असे पूर्ण वाक्य चिनीत लिहून फोनवर ठेवावे आणि शक्य असेल तेथे स्वयंपाकघरात जाऊन भाजी व तेलाची बाटली बोटाने दाखवावी. खेड्यात याला कोणी हरकत घेत नाही. ‘आपण बौद्ध रीतीचे शाकाहारी आहोत’ असे सांगितल्यास बात चटकन समजते, परंतु त्या रीतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी ही बातमी चांगली, इतरांसाठी जेवण थोडे सपक.

भरवशाचे पदार्थ म्हणजे टोमॅटो-अंडे, आंबट-तिखट बटाट्याचे बारीक काप, परतलेली हिरवी भाजी, अंडे घातलेला भात आणि टोफू. ग्वेइझौचे आंबट सार प्रसिद्ध आहे. लाल सार टोमॅटो आंबवून आणि पांढरे तांदळाचे पाणी आंबवून करतात. ते बहुधा माशासोबत येते, पण सांगितल्यास टोफू घालून देतात, आणि पावसात भिजून आलेल्या माणसाला त्यासारखे दुसरे काही नाही. दोंग आणि याओ घरांत सकाळी ‘तेलचहा’ मिळतो: चहाची पाने तेलात परतून, उकळून केलेल्या खारट चहात चुरमुऱ्यांसारखा फुलवलेला भात आणि तळलेले शेंगदाणे. पहिला वाडगा विचित्र वाटतो, तिसरा आपण मागून घेतो. दोंग लोक चिकट भाताचा गोळा हातानेच मळून खातात. हाताने जेवणाऱ्या पाहुण्याचे त्यांना कौतुक वाटले. ‘झअरगन’ नावाच्या मुळीपासून मात्र सावध राहावे. ती पूर्ण शाकाहारी असूनही तिला माशाचा वास येतो.

पांढरा भात आणि उकळते पाणी चीनमध्ये कोठेही मिळते, त्यामुळे मेतकूट, लोणचे आणि कोरडी चटणी बरोबर असली की निम्मी काळजी मिटते. दुग्धजन्य पदार्थ आणि ताजी फळे देशात नेण्यास मनाई असल्याने तूप नेऊ नये.

कोणता काळ चांगला?

लोंगजीची खाचरे मे-जूनमध्ये पाण्याने भरलेली आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पिकून पिवळी असतात. 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्ट्यांचा आठवडा काटेकोरपणे टाळावा. त्या दिवसांत गाडी, खोली आणि बांधावर पाऊल ठेवण्याची जागा, तिन्ही मिळत नाहीत. हिवाळ्यात तापमान फार उतरत नाही, परंतु दक्षिणेत घरे मध्यवर्ती व्यवस्थेने तापवली जात नाहीत आणि ओल हाडांत शिरते.

पाहुणचारात दारू नाकारली तर राग येतो का?

म्याओ गावाच्या वेशीवर पाहुण्याला तांदळाची दारू शिंगातून पाजण्याची रीत आहे. हात न लावता एक घोट घेतला की सुटका होते. उत्साहाने शिंग हातात धरले तर ते सगळे संपवावे लागते. माझ्या मित्राने धरले. अजिबात न पिणाऱ्याने ‘दारूची ॲलर्जी आहे’ असे पहिल्याच क्षणी सांगावे. एकदा प्यायल्यावर दुसऱ्या पेल्याला नाही म्हणणे अधिक अवघड असते. दोघांपैकी एकाने न पिणे शहाणपणाचे, कारण परतीची पायवाट कोणाला तरी दिसली पाहिजे.

भारतीय म्हणून वागणूक कशी मिळते?

कुतूहलाची. तुमच्याकडे फार उकडते का, सर्व जण नाचतात का, पगार किती आणि लग्न झाले का, हे प्रश्न रोज येतात. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव तेथे निघेल अशी अनेक मराठी माणसांची अपेक्षा असते. ते 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत गेले आणि 1942 मध्ये तेथेच वारले, पण त्यांचे काम उत्तरेकडील हबेई प्रांतातील खेड्यांत झाले आणि त्यांचे स्मारक शिजियाझ्वांगमध्ये आहे. ‘क दीहुआ’ हे त्यांचे चिनी नाव ग्वेइझौच्या एका निवृत्त शिक्षकाने मात्र आपणहून उच्चारले, आणि त्या दुपारी आमच्या चहाचे पैसे कोणी घेतले नाहीत.

आजारी पडल्यास काय करावे?

तालुक्याच्या रुग्णालयात जावे. तेथे उपचारांपूर्वी पैसे भरावे लागतात, म्हणून विम्याची कागदपत्रे आणि शिल्लक दोन्ही तयार ठेवावीत. रुग्णवाहिकेसाठी 120, पोलिसांसाठी 110 आणि आगीसाठी 119 हे क्रमांक आहेत. नेहमीची औषधे चिठ्ठीसह न्यावीत. गावातील कुत्री राखणीची असतात आणि भटक्या पाहुण्यांवर धावून येतात. चावल्यास लस लगेच सुरू करावी.

वाटेत दोघांची चुकामूक झाली, किंवा एकाला मध्येच परतावे लागले तर?

चुकामुकीसाठी आम्ही एक साधा नियम केला होता: शोधत फिरायचे नाही. गावात असल्यास नगाऱ्याच्या मनोऱ्याखाली, शहरात असल्यास मुक्कामी आणि रेल्वेत एक जण मागे राहिल्यास पुढच्या स्थानकाच्या बाहेर पडण्याच्या दाराशी थांबायचे. झाओशिंगमध्ये पाच मनोरे आहेत हे आम्ही नियम करताना विसरलो होतो, आणि एका संध्याकाळी मी ‘न्याय’ नावाच्या मनोऱ्याखाली, तर तो ‘विश्वास’ नावाच्या मनोऱ्याखाली तासभर बसून होता.

मध्येच परतण्याची वेळ आमच्यावर खरोखर आली. मित्राच्या घरून निरोप आल्यामुळे त्याला सहा दिवस आधी निघावे लागले. तिकिटे प्रत्येकाच्या पासपोर्टवर स्वतंत्र काढलेली असल्याने त्याचे तेवढेच रद्द करून पैसे परत मिळाले आणि माझे तसेच राहिले. औषधांचे आम्ही दोन संच केले होते, रोख निम्मी-निम्मी होती, सामाईक खर्चाची वही मात्र एकच होती; तिचे फोटो काढून त्याने ती माझ्याजवळ ठेवली. कायली स्थानकावर त्याला सोडून मुक्कामी परतलो, तेव्हा घरमालकिणीने सवयीने दोन वाडगे मांडले होते.